झेंडूचा फाटा

झेंडू दिसला की माणसांना दसरा आठवतो, दारावरचं तोरण आठवतं, नव्या गाडीच्या बॉनेटवरचं हळदीकुंकू आठवतं. मला धडकी भरते. परवा इथं लंडनमध्ये, हॅरोतल्या आमच्या भाजीवाल्यानं दुकानाबाहेर झेंडूचे क्रेट मांडले, केशरी, पिवळे, वर पाणी शिंपडलेले, आणि मी सरळ रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेलो. मनीषा, म्हणजे माझी बायको, क्रेटपाशीच थांबली आणि भर रस्त्यात ओरडली, "अहो, फुलं आहेत ती! चावत नाहीत!"

चावत नाहीत, हे मलाही माहीत आहे. ती बोलावतात. भीती त्याचीच आहे.

इथला हा काळच मुळात भित्र्या माणसाच्या मुळावर उठलेला. ऑक्टोबर सरता सरता सरकार घड्याळं एक तास मागे करतं आणि दिवसाचा शेवटचा तुकडा कुणीतरी कातरून नेल्यासारखा नाहीसा होतो. साडेचारला दिवे लावावे लागतात. झाडं पानं गाळून मोकळी होतात आणि ती ओली पानं फुटपाथवर अशी चिकटून बसतात, की चालताना कुणीतरी मागून पाय ओढतंय असं वाटावं. भरीला शेजारपाजारचे सभ्य लोक, एरवी कुंपणाची उंची एक वीत वाढली तर कौन्सिलला कळवणारे, हौसेनं आपापल्या दारांवर प्लॅस्टिकचे सांगाडे टांगतात. नागपुरात ऑक्टोबर म्हणजे ऊन परत फिरून आलेलं असायचं. भीती घालायची तर उष्माघाताची. अंधाराची भीती मला लंडननं दिली. म्हणजे बी आमच्या घराण्याचंच होतं, खतपाणी इथलं.

घराण्याचं म्हणजे बाबांचं. बाबा वीज मंडळात होते. अकरा हजार व्होल्टच्या तारांखाली उभं राहून माणसांना सूचना द्यायचे, पण विमानात बसायला घाबरायचे. हे त्यांनी कधी कबूल केलं नाही. मी इथं घर घेतल्यावर दर वर्षी त्यांना बोलवायचो आणि दर वर्षी ते नवं कारण काढायचे. थंडी सोसवत नाही. अंगणातल्या पपईला पाणी कोण घालणार. तिथं म्हणे वरण पातळ करतात. शेवटी आई एकदा फोनवर म्हणाली, "अरे, ते तुझ्या लंडनला भीत नाहीत, मधल्या आकाशाला भितात." मागून बाबांचा आवाज आला, "काहीही सांगू नकोस त्याला!" आणि फोन कट. मग एका पावसाळ्यात बाबा गेले. हॅरोचं घर न बघताच गेले.

त्या घराबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा त्याच्या रचनेमुळे झाला. आमचं घर सेमी-डिटॅच्ड, म्हणजे दोन घरं पाठीला पाठ लावून बसलेल्या जुळ्यांसारखी. मधली भिंत एक. रस्त्यावरचं लाकडी फाटकही दोघांत एकच. फाटकातून आत आलं की चार पावलांवर वाट फुटते. डावीकडे शेजारच्यांचं दार, उजवीकडे आमचं. नवा पोस्टमन नेहमी चुकतो. जुनाही सोमवारी चुकतो.

आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात त्या मधल्या भिंतीतून आवाज यायला लागले. खट्ट. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा खट्ट, खट्ट. भिंतीला कान लावला तर आतून कुणीतरी सावकाश, न कंटाळता ठोकतंय. मी आईला फोनवर सांगायची चूक केली. आई म्हणाली, "पितृपक्षात किल्ल्या घेतल्यास ना घराच्या? घे आता." मी घाबरून प्लंबर बोलावला. (भुताला प्लंबर का, हे मला विचारू नका. भीतीच्या भरात जो नंबर सापडला तो लावला.) त्यानं सगळे रेडिएटर तपासले, कपभर चहा प्यायला आणि म्हणाला, "तुमच्या पाइपांना काही झालेलं नाही. शेजारी कुणी काहीतरी विणतंय."

विणत होती युलालिया. मेक्सिकोच्या दक्षिणेला ओआहाका नावाचा डोंगराळ मुलूख आहे, तिथली. मागच्या खोलीत तिचा हातमाग होता आणि धागा बसवायला ती फणी ओढायची, तो तो खट्ट. आठवड्यातले तीन दिवस कॉलेजात मोठ्या माणसांना विणकाम शिकवायची. नवरा इंग्लिश होता. तो कधीच निघून गेला, त्याचं आडनाव तेवढं तिच्या डोअरबेलखाली राहिलं होतं.

तिची नि माझी नीट ओळख झाली गल्लीच्या स्ट्रीट पार्टीत, आणि झाली तेव्हा माझ्या डोक्यावर कागदाचं सोम्ब्रेरो होतं, ती रुंद काठांची मेक्सिकन टोपी. तिला आपलं वाटावं म्हणून मी ते पार्टीच्या दुकानातून मुद्दाम आणलं होतं. वर अॅपवर शिकलेलं स्पॅनिश. "ओला!" मी दोन्ही हात पसरून म्हणालो. कुणी गोरा माणूस फॅन्सी ड्रेसचा फेटा घालून "नमास्टे" म्हणत आला तर मी त्याच्याकडे जसा बघेन, तशी तिनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "टोपी छान आहे. पण ती आमची नाही. आणि ही भाषाही आमची नाही."

ती झापोटेक होती. मेक्सिको नंतर आला, आम्ही आधीपासून तिथं आहोत, असं ती साधेपणानं सांगायची, पाऊस पडतोय म्हणावं तसं. घरात झापोटेक, शाळेत स्पॅनिश. वर्गात तोंडून घरचा शब्द निघाला की बाई हातावर पट्टी मारायच्या. "आमच्या भाषेला ते भाषा नाही म्हणत, बोली म्हणतात," ती म्हणाली. "लंडनमध्ये सगळे म्हणतात, किती सुंदर स्पॅनिश बोलतेस! ती तर पट्टी खाऊन शिकलेय." मी म्हणालो, मला सगळे विचारतात, तुम्ही हिंदी बोलता का? ती हसली. त्या दिवसापासून मी तिचा 'नेबर' झालो. नाव तिनं कधी घेतलं नाही. नेबर हेच नाव.

माझ्या भीतीचा तिला पहिल्यापासून वास लागला होता आणि तिची ती मोठी करमणूक होती. एकदा तिनं माझ्या तळहातावर राखाडी दाणे ठेवले. "चोळ," म्हणाली. मी चोळले. तिनं वर लिंबू पिळलं आणि माझा हात मनगटापर्यंत लालभडक झाला. निवडुंगावर जगणारे किडे वाळवून हा रंग करतात, हे तिनं नंतर सांगितलं. आधी मी तसाच घरी पळालो आणि मनीषा किंचाळली ती अख्ख्या गल्लीनं ऐकली.

तिची आई गावी होती. तिला फक्त झापोटेक यायची. आयुष्यभर लोकर कातली, लेकीला रंग शिकवले, गावाबाहेर फारशी गेली नाही. एका रविवारी युलालिया व्हिडिओ कॉलवर तिच्याशी बोलत असताना मी कुंपणापाशी होतो. "ये, आईला भेट," म्हणाली. मी पडद्यासमोर गेलो. पांढऱ्या दोन वेण्या, त्यात विणलेल्या रिबिनी, चेहऱ्यावर उन्हाच्या असंख्य घड्या. आता अशा वेळी साधा नमस्कार करावा की नाही? मी छाती काढून म्हणालो, "बुएनोस दियास, सेन्योरा!"

म्हातारी उठली आणि पडद्यातून निघून गेली.

युलालिया पोट धरून हसत होती. "तिला वाटलं तू सरकारी माणूस आहेस." मग हसणं ओसरलं तशी म्हणाली, "तिच्या दाराशी जो जो पुरुष स्पॅनिश बोलत आला, तो काहीतरी घ्यायलाच आला. जमीन, सही, मुलगा. ती आवाज ऐकते आणि मागच्या दारानं शेतात जाते." मी मान खाली घातली. पडद्यावर रिकामी खुर्ची आणि मागे एक कोंबडी दिसत होती.

झेंडूवरून तर आमचं भांडणच झालं. मी दसऱ्याला तोरण बांधत होतो. ती म्हणाली, "अरे वा, आमचं फूल!" मी म्हणालो, झेंडू आमचा. झेंडूशिवाय दसरा होत नाही, पूजा होत नाही, झेंडू म्हणजे आम्ही. ती शांतपणे म्हणाली, "आमच्याकडून जहाजात बसून तुमच्याकडे गेला. बघ जाऊन." मी आत जाऊन मोबाइलवर बघितलं आणि बराच वेळ बाहेरच आलो नाही. पिढ्यानपिढ्या दारावर बांधलेलं फूल मेक्सिकोचं निघावं, हा धक्का पचवायला मला चहा लागला. पण त्याहून मोठी गोष्ट तिनं मला तेव्हा सांगितली नाही, आणि मी विचारलीही नाही: त्यांच्याकडे हे फूल कशासाठी असतं.

त्याच्या पुढच्या वसंतात तिची आई गेली. तिकीट काढून युलालिया गावी पोचेपर्यंत मातीही झाली होती. परत आली ती माग झाकून बसली. भिंतीतला खट्ट थांबला. ज्या आवाजासाठी मी प्लंबर बोलावला होता, तो बंद झाल्यावर मला झोप येईना. भिंतीला कान लावायचो. पलीकडे कुणीतरी असूनही काही करत नाहीये, हे ऐकू यायचं.

आणि मग तो ऑक्टोबर आला.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन नोव्हेंबरच्या पहिल्याच दिवशी आलं. दुपारी मी बाहेर आलो तर युलालिया फाटकापासून स्वतःच्या दारापर्यंत झेंडूच्या पाकळ्या पसरत होती. गुडघ्यावर बसून, मूठमूठ, हळूहळू. केशरी पट्टा फाटकातून निघून डावीकडे वळत तिच्या उंबऱ्यात शिरत होता. माझं मन भरून आलं. वसंतापासून सुतकात असलेली बाई, आणि आपल्या दिवाळीची आठवण ठेवून आरास करतेय! ती पाव आणायला बाहेर पडली. फाट्यापाशी उरलेल्या पाकळ्यांची मोठी पिशवी होती. मला वाटलं, आमच्यासाठीच ठेवली असणार. शेजारधर्म.

मी कामाला लागलो. फाट्यापासून उजवीकडे, आमच्या दारापर्यंत, तिच्यापेक्षा रुंद आणि तिच्यापेक्षा सरळ पट्टा काढला. (सरळ रेषेचा सोस बाबांकडून आलेला, विजेचे खांब वाकडे दिसले की ते गाडी थांबवायचे.) दोन्ही बाजूंना पणत्या. आणि मध्ये, फाटकाकडून घराकडे येणारी, रांगोळीनं काढलेली लक्ष्मीची पावलं. मनीषानं दारातून बघितलं. "या वर्षी जरा जास्तच छान झालंय," ती संशयानं म्हणाली.

युलालिया पाव घेऊन फाटकात आली आणि तिथंच थिजली. आधी फुलं बघितली. मग पावलं बघितली. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरताना मी प्रत्यक्ष पाहिला.

"नेबर," ती अगदी हळू म्हणाली, "हे काय केलंस?"

"हॅपी दिवाली!" मी म्हणालो.

"ही पावलं कुणाची?"

"म्हणजे... येणारीची. ती याच वाटेनं घरात येते."

तिनं पाव छातीशी धरला आणि सांगितलं. आज तीन वाजता त्यांची गेलेली माणसं घरी येतात. दिसत त्यांना काही नाही. झेंडूचा रंग आणि वास तेवढा कळतो. म्हणून वाट पसरायची. वर्षातून एकदा, एक दिवस. आईचं हे पहिलंच येणं. आईनं कधी समुद्र बघितला नव्हता, तिला हे शहर माहीत नाही, ही गल्ली माहीत नाही. फुलांच्या भरवशावर ती इथवर येणार. "आणि फाटकात तिला दोन वाटा दिसणार," युलालिया म्हणाली. "त्यातली तुझी जास्त चांगली आहे."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या कलाकुसरीची स्तुती केली होती, आणि ती तिनं परत घ्यावी असं मला वाटत होतं.

मनीषा झाडू घेऊन धावत आली. "आत्ता झाडून टाकते! दोन मिनिटांचं काम!"

"नको!" युलालिया ओरडली. "दुपारनंतर झाडू लावायचा नाही. आईनं कधी लावू दिला नाही. येणारी माणसं वाटेत असतील. त्यांनाच झाडून टाकशील."

मनीषा हात वर करून तशीच थांबली. कारण हे तिला भाषांतर करून सांगायची गरजच नव्हती. आपल्याकडेही कुणी घराबाहेर पडल्या पडल्या केर काढत नाहीत. वर त्या दिवशी लक्ष्मीपूजन. तो झाडू, हॅरोच्या सुपरमार्केटातला निळ्या दांड्याचा, सकाळीच हळदीकुंकू लावून तिनं कोपऱ्यात पूजेला ठेवलेला. तिनं तो दोन्ही हातांनी, तान्ह्या मुलाला न्यावं तसा उचलून आत नेला.

"आता?" मी विचारलं.

"आता तू तुझ्या दारात बसायचं," युलालिया म्हणाली. "ती तुझ्याकडे आली तर तिला सांगायचं, की घर शेजारचं. पण स्पॅनिशमध्ये बोलायचं नाही. इंग्लिशमध्येही नाही. तुझा आवाज तिला आठवत असेल. घाबरून परत फिरली तर..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. पुढे पुन्हा वर्षभर वाट, आणि तिला घर सापडलंच नाही या समजुतीनं ती परत येईल की नाही, कोण सांगणार.

मग तिनं मला एक वाक्य शिकवलं. आई, तुमच्या लेकीचं घर ते, शेजारचं. एवढंच. त्यांच्यातही वडीलधाऱ्यांसाठी आपल्या 'तुम्ही'सारखा वेगळा शब्द आहे, तो चुकवायचा नाही. पण खरी गोची सुरांची. एकच शब्द आवाज चढवला की एक, उतरवला की दुसराच. मी पहिल्यांदा म्हणून दाखवलं तेव्हा ती तोंडावर हात ठेवून मागे सरली. "हे नाही. हे कुणाच्याच आईला म्हणू नकोस." मी काय म्हणालो होतो ते तिनं आजतागायत सांगितलेलं नाही. पुन्हा म्हटलं. पुन्हा. शेवटी ती म्हणाली, "ठीक. ती समजून घेईल. तिला लहान मुलांचं बोलणं समजायचं."

तीनला ती आपल्या घरात गेली. तिच्या खिडकीतून धुपाचा राळेसारखा धूर आणि कोकोचा वास यायला लागला. मी दार सताड उघडून आतल्या पायरीवर खुर्ची टाकून बसलो. अंगात जॅकेट, गळ्यात मफलर, मांडीवर काही नाही. मनीषा मागे पूजेची तयारी करत होती. तांब्याचा आवाज थांबवून तिनं विचारलं, "अहो, आणि लक्ष्मी आली तर? तिलाही शेजारी पाठवाल?"

"लक्ष्मी फराळाच्या वासानं येते. तिला भाषा लागत नाही."

"बोंबला. चकल्या मऊ पडल्यात."

ती हे मुद्दाम बोलत होती, मला कळत होतं. आवाज तिचाही बारीक झाला होता.

आपली माणसं आपण किती लांब ठेवतो, हे तिथं बसून मला पहिल्यांदा जाणवलं. पान वाढायचं ते बाहेर, गच्चीवर नाहीतर भिंतीवर. कावळा शिवला की सुटलो. जेवा, तृप्त व्हा, आणि कृपा करून घरात येऊ नका. बाबांच्या पहिल्या श्राद्धाला मी कुंपणावर पान ठेवलं तर कावळ्याच्या आधी खार आली, वडा दोन्ही हातांत धरून, माझ्याकडे बघत बघत तिनं तो खाल्ला. आईनं फोनवर विचारलं, शिवला का? मी म्हणालो, शिवला. आणि इथं ही बाई आपल्या मेलेल्या आईसाठी कोको ढवळत होती. खुर्ची मांडून बसली होती. ये म्हणत होती.

चार वाजले. उजेड पातळ झाला, पाण्यात दुधाचा हात धुवावा तसा. पणत्यांच्या ज्योती आता दिसायला लागल्या आणि झेंडूचा पट्टा विस्तवासारखा पेटला. वाक्य मी मनात घोळवत होतो. चढव, उतरव, थांब, चढव. आणि अशा वेळी, बेसावध असताना, ते डोक्यात आलं.

मेलेल्या माणसाला विमान लागत नाही.

मी खुर्चीतच ताठ झालो. मधलं आकाश आता बाबांना कसलं भिववणार? झेंडू त्यांच्या ओळखीचा. रेषा सरळ, ती तर ते दुरूनही ओळखतील. पावलं घराकडे वळलेली. मी त्यांना इतकी वर्षं फोनवर बोलावलं, आणि आज, न समजता, पहिल्यांदाच नीट बोलावलं होतं. म्हणजे आता त्या फाटकातून जे कुणी आत येईल, ते युलालियाची आई असेल, किंवा ते बाबा असतील. दिसणार कुणीच नाही. आणि मला वाक्य एकच पाठ होतं: घर हे नव्हे, शेजारचं.

बाबा मोठे मानी. एखाद्या लग्नात यजमानानं दारात "कोण आपण?" विचारलं तर न जेवता परत येणारे. ते सगळा समुद्र ओलांडून येणार, मुलाच्या दारात उभे राहणार, आणि मुलगा अनोळखी भाषेत काहीतरी बोलून हात दुसरीकडे करणार. चुकलं वाटतं घर, म्हणतील. मागे वळून बघणारही नाहीत.

न बोलावं, तर युलालियाची आई आमच्या घरात शिरून बसेल, लेक भिंतीपलीकडे कोको ढवळत राहील. बोलावं, तर बाबा जातील. मी मनीषाला हाक मारली.

फाटकाची कडी वाजली.

वारा होता, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. त्या संध्याकाळी वारा होता. पण फाटक उघडलं ते वाऱ्यासारखं धाडकन उघडलं नाही. कुणीतरी नव्या घरी जपून उघडावं तसं उघडलं. पाकळ्या थोड्या हलल्या. फाट्यापर्यंतच्या पणत्या एका मागोमाग एक वाकल्या आणि सरळ झाल्या. मग फाट्यापाशी काहीच हललं नाही. तिथं कुणीतरी थांबलंय आणि दोन्हीकडे बघतंय, हे मला इतकं स्पष्ट कळलं, की मी उठून उभा राहिलो.

वाक्य म्हटलं. सूर कुठले लागले देव जाणे, पण वडीलधाऱ्यांसाठीचा तो शब्द चुकवला नाही. हातानं डावीकडचं दार दाखवलं. आणि हात खाली घेण्याआधी, एका श्वासात, लहानपणी अंधारात ओरडायचो तसा ओरडलो, "आणि बाबा, तुम्ही असाल तर जाऊ नका! ते तुम्हाला नव्हतं! तुम्ही इकडे या!"

मनीषा तबक हातात घेऊन मागे येऊन उभी राहिली होती. तिनं डोक्यावरून पदर घेतला. लग्नानंतर पहिल्यांदा मी तिला तसं करताना बघितलं. बाबांसमोर ती तसा घ्यायची नाही, त्यांनाच आवडायचं नाही. भीतीनं घेतला की मानानं, मी विचारलं नाही.

थोड्या वेळानं शेजारचं दार उघडलं. युलालिया पायरीवर आली. "आली का?"

"कुणीतरी आलं," मी म्हणालो. "मी सांगितलं."

"मग कुठे गेलं? माझ्याकडे वळलं?"

इथं थाप मारणं अगदी सोपं होतं, आणि मी थापांसाठी गल्लीत प्रसिद्ध आहे. पण जीभ उचलेना. "दिसलं नाही मला," मी म्हणालो. तिनं मागे वळून आपल्या अंधाऱ्या पॅसेजकडे बघितलं. "कोको गार झाला," ती म्हणाली. "एवढ्यात व्हायला नको होता." याचा अर्थ काय घ्यायचा ते तिलाही ठरवता येईना. रात्री आम्ही दोन्ही घरांची दारं लोटून घेतली, कड्या लावल्या नाहीत. लंडनमध्ये.

दुसऱ्या दिवशी तीनला त्यांना निरोप द्यायचा असतो. गावी असती तर ती पार दफनभूमीपर्यंत चालत गेली असती. इथं कुठे जाणार, म्हणून फाटकापर्यंत. ती मला म्हणाली, तूही चल. कोण कुणाच्या घरी होतं ते आपल्याला माहीत नाही, तर दोघांनी मिळूनच सोडू. "त्यांना नीट लावून द्यावं लागतं, नेबर. नाही लावलं तर राहून जातात. राहिलेली माणसं बरी नसतात." हे तिनं इतक्या सहज सांगितलं की मी मागे वळून आमच्या दारात बघितलं.

पाकळ्या एका दिवसात तपकिरी, चिपचिपीत झाल्या होत्या. आम्ही फाटक उघडून धरलं. तिनं तिच्या भाषेत काहीतरी म्हटलं, हळू, चढत, उतरत. तिच्या तोंडी ते सूर पाण्यासारखे होते. मग माझ्याकडे बघितलं. आता मी काही विचार केला नव्हता. आपल्या दारातून माणूस निघाला की जे तोंडातून येतं ते आलं. मी हात जोडले आणि म्हणालो, "या."

ती दचकली. "काय म्हणालास त्यांना?"

"या."

"म्हणजे काय?"

आणि म्हणजे काय ते सांगता सांगता माझं मलाच कळलं. "म्हणजे... कम," मी म्हणालो.

आदल्या दिवशीचा तोच पांढरा रंग तिच्या चेहऱ्यावर आला. "आपण त्यांना पाठवतोय! आणि तू ये म्हणतोस?"

मी घाईघाईनं सांगायला लागलो. आमच्यात असंच असतं. आमच्यात 'जा' म्हणत नाहीत. 'जा' म्हणजे तोंड काळं कर. निघणारा माणूस म्हणतो 'येतो', घरचे म्हणतात 'या', आणि मग तो जातो. सगळ्यांना कळतं.

"मेलेल्यांना कळतं?"

"बाबांना कळेल. तुझ्या आईचं मला नाही सांगता येत."

"आणि तिनं ऐकलं असलं तर? ती थांबली असली तर?"

समोरून एक बाई प्रॅम ढकलत गेली, तिनं आमच्याकडे बघून मान हलवली. एक भारतीय आणि एक मेक्सिकन, नोव्हेंबरच्या गारठ्यात उघडं फाटक धरून उभे. मी म्हणालो, "थांब, दुरुस्त करतो. तू दुसरा शब्द सांग, मी तो म्हणतो."

युलालिया रस्त्याकडे बघत होती. ओठ हलत होते. आधी मला वाटलं प्रार्थना चाललीय. मग ऐकू आलं. ती तो शब्द चाखून बघत होती. एकदा चढवून. एकदा उतरवून.

"राहू दे," ती म्हणाली. "दुरुस्त करू नकोस."

अंधार पडायला लागला तरी आम्ही तसेच उभे होतो. रस्ता रिकामा होता, निदान दिसत तरी होता. आधी पाठ फिरवून घरात जायला दोघांतलं कुणीच तयार नव्हतं.